दीड वर्षाचं मूल आणि ४८ तास

फ्लूवरचं विषाणूविरोधी औषध आज पिंपरीत मिळतं. सरकारी रुग्णालयात मोफत, मोठ्या मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ओसेल्टामिविर हे त्याचं रासायनिक नाव. २००९ साली घराघरात पोहोचलेलं टॅमिफ्लू हे नाव मूळ परदेशी कंपनीचं, आणि आता भारतीय कंपन्यांची फ्लुविर, अँटिफ्लू अशी औषधं कॅप्सूल आणि पातळ अशा दोन्ही रूपांत येतात. तेव्हा शोधण्याचा प्रश्न संपला आणि फक्त ठरवण्याचा उरला, असं वाटू शकतं. तसं ते नाही. या औषधाचा उपयोग आजाराच्या पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त होतो. आणि रिपोर्टची वाट, रविवारचा बंद दवाखाना, न बदलून मिळालेली शिफ्ट, तीन मेडिकल पालथी घालणं, हे सगळं त्याच ४८ तासांतून वजा होत जातं. म्हणून माझं म्हणणं असं की, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला फ्लूच्या हंगामात ताप-खोकला आला तर औषधाचा निर्णय पहिल्या दिवशीच बालरोगतज्ज्ञांपुढे न्यावा, रिपोर्टसाठी तो अडकवू नये, आणि त्याच वेळी औषधाकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. या म्हणण्याची दोन टोकं एकमेकांना टोचतात. म्हणून ती दोन माणसांच्या तोंडी दिली आहेत. दोघंही कल्पित आहेत: सासरे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून, म्हणजे इथल्या भाषेत ‘एचए’तून, निवृत्त झालेले, सून चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात. घरात दीड वर्षाचं मूल आहे, दिवस पावसाळ्याचे आहेत, एवढं धरून चालू.

सासरे : तू आकडे काढण्याआधी २००९ आठव. त्या साली औषध देशात नव्हतं असं नाही गं. हैदराबादची हेटेरो कंपनी ते बनवत होती, सरकारकडे साठा होता. पण दुकानात विकायला बंदी. तपासणी नेमलेल्या सरकारी रुग्णालयांत, औषधही तिथंच. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला बळी. आजार सुरू झाल्यावर कितीतरी दिवसांनी तिचं निदान झालं होतं. मग नायडू रुग्णालयापुढं ही रांग लागली. शाळा बंद, थेटरं बंद, गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या. एनआयव्हीसारखी विषाणूंची राष्ट्रीय संस्था पुण्यातच असून ही गत. माणसं रांगेत उभी होती तेव्हा त्यांच्या अंगातला विषाणू काही रांगेत उभा नव्हता. म्हणून मी म्हणतो, आज ते औषध हाताशी आहे तर पोराला लगेच सुरू करायचं. विचार करायला तापाचा तिसरा दिवस कशाला उजाडू द्यायचा?

सून : बाबा, २००९ ची भीती खरी होती, पण त्या भीतीवरून आजचा डोस ठरत नाही. तेव्हाचा विषाणू नवा होता, कुणाच्याच शरीराला त्याची पुरती ओळख नव्हती. आता तोच दर वर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेलाय. आणि औषध करतं तरी किती? २०१४ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी कंपनीकडचे न छापलेले चाचणी-अहवाल मिळवले आणि सगळं पुन्हा मोजलं. मोठ्या माणसांत आजार सरासरी सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत उतरणीला लागतो. सतरा तासांचा फरक. एरवी निरोगी असलेल्या मुलांत २९ तास. दमा असलेल्या मुलांत फरकच सापडला नाही. रुग्णालयात भरती होणं टळतं, असाही ठोस पुरावा मिळाला नाही. शिवाय औषध घेणाऱ्या दर १९ मुलांमागं एकाला जास्तीची उलटी. जे पोर आधीच दूध घेत नाही, त्याच्या पोटात हे घालून ओकायला लावायचं, का, तर एक दिवस वाचेल म्हणून?

इथं सुनेची बाजू वजनदार आहे, आणि तिच्या पाठीशी कोक्रेन एकटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत ओसेल्टामिविरला मुख्य यादीतून पूरक यादीत उतरवलं. २०२४ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांचा कल सौम्य फ्लूमध्ये ते न देण्याकडे आहे. गंभीर आजारात मात्र ते सशर्त सुचवलं आहे. उलट अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि तिथलं रोगनियंत्रण केंद्र पाच वर्षांखालच्या, त्यातही दोन वर्षांखालच्या मुलांना जास्त जोखमीचं धरतात आणि फ्लूचा संशय आला की उपचार लवकर सुरू करायला सांगतात. म्हणजे जाणत्या संस्थांतच मतभेद आहे. असा मतभेद दिसला की ‘कुणालाच काही कळत नाही’ असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण दोन्हीकडचे लोक तोच पुरावा वाचतात. फरक पडतो तो कोणत्या रुग्णाविषयी आणि कोणत्या तासाविषयी बोलतो आहोत यानं. २०२३ मध्ये गाजलेल्या एका मोठ्या पुनर्विश्लेषणात बाह्यरुग्णांना या औषधामुळं रुग्णालय टळत नाही असं दिसलं. त्यातले रुग्ण बारा वर्षांच्या वरचे होते. दीड वर्षाच्या मुलाला तो निष्कर्ष सरळ लावता येत नाही, आणि खोटाही ठरवता येत नाही.

सासरे : एक दिवस म्हणजे काहीच नाही, हे तुझ्या पगारी रजेतून बोलणं झालं. भोसरीत, तळवड्यात, तुझ्याच चाकणला कितीतरी कामगार कंत्राटावर. पोर आजारी पडलं की आईचा खाडा, पाळणाघरवाली ताप असेपर्यंत घेत नाही, आजी लातूरला नाहीतर बुलढाण्याला. त्यांना एक दिवस म्हणजे एका दिवसाची हजेरी. सुट्टी गुरुवारची आणि ताप येतो शुक्रवारी.

सून : बाबा, हे मला पटतं आणि याच कारणानं मला भीतीही वाटते. हजेरी बुडू नये म्हणून पोराला औषध, हा विचार एकदा रुळला की मेडिकलवाला बिनचिठ्ठीचं काढून देईल आणि आपण घेऊ. आईच्या खाड्याचं उत्तर कंपनीनं द्यायचं आहे, पोराच्या पोटानं नाही.

या मुद्द्यावर मी सुनेच्या बाजूचा आहे. पण सासऱ्यांचा मूळ आग्रह, म्हणजे ‘लवकर’, त्याला एक असा आधार आहे जो त्यांना स्वतःला माहीत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात एक ते तीन वर्षांच्या मुलांवरच एक चाचणी झाली आणि २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ताप सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत औषध, किंवा तसंच दिसणारं चवीचं पाणी. फ्लू-ए असलेल्या मुलांत आजार साडेसहा दिवसांऐवजी तीन दिवसांत आटोपला; साडेतीन दिवस वाचले. पहिल्या बारा तासांत औषध सुरू झालं त्या मुलांत कान फुटण्यापर्यंत जाणारा मधल्या कानाचा संसर्ग ८५ टक्क्यांनी कमी दिसला. चोवीस तासांपर्यंतची सगळी मुलं मोजली तर तो फायदा ठामपणे उरला नाही. म्हणजे कोक्रेनचे २९ तास हा सर्वांची सरासरी काढल्यावरचा आकडा आहे. तो काही औषधाच्या अंगचा ठरलेला गुण नव्हे. विषाणू पेशींतून बाहेर पडून पसरत असताना हे औषध त्याची सुटका अडवतं. पसरून झाल्यावर अडवायला थोडंच उरतं. घड्याळ कुठं आहे यावर औषधाची किंमत बदलते, आणि हे लक्षात न घेता ‘चांगलं की वाईट’ हा वाद घालणं व्यर्थ आहे.

सून : बाबांचं काम तुम्हीच केलंत. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा सांगा ना. ४०९ मुलं घेतली, हंगाम फ्लूचा, लक्षणं फ्लूची. फ्लू निघाला ९८ जणांना. चारांत एक. बाकी तिघांना दुसराच कुठला तरी विषाणू. आमच्या विभागात बाजूला काढलेल्या चार नगांतले तीन चांगले निघाले, तर आम्ही आधी मापयंत्र तपासतो, नग मोडीत काढत नाही. आणि हे तुर्कूला. आपल्याकडं पावसाळ्यात ताप म्हटलं की डेंगी आहे, चिकुनगुन्या आहे. फ्लूचं औषध सुरू केलं, जीवाला स्वस्थ वाटलं आणि डेंगीचा चौथा दिवस तसाच निघून गेला तर?

हा या सगळ्या वादातला सर्वांत खरा आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून ‘मग तपासणी करा’ असं पटकन सुचतं. पण तपासणीलाही घड्याळ लागू आहे. नाकातला नमुना घेऊन पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी झटपट चाचणी ५० ते ७० टक्के रुग्णांतच फ्लू पकडते. ती ‘आहे’ म्हणाली तर बहुधा आहे. ‘नाही’ म्हणाली तर हंगामात त्यावर विसंबता येत नाही. पीसीआर विश्वासार्ह, पण तिला वेळ लागतो, खासगीत खर्चिकही पडते. केंद्र सरकारनं २००९ मध्ये जी वर्गवारी केली, तिच्यात ही अडचण आधीच ओळखलेली आहे. ‘अ’ गटात सौम्य ताप, खोकला, घसा: औषध नको, तपासणी नको, २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाहा. ‘ब’ गटात जोराचा ताप आणि घशाचा जास्त त्रास असलेले, तसंच सौम्य आजार पण जोखीम मोठी असे लोक, त्यांत आधीच एखादा विकार असलेली मुलंही: ओसेल्टामिविर द्या, तपासणीची गरज नाही, घरीच ठेवा. ‘क’ गटात धाप, गुंगी, झटके, खाणं-पिणं थांबलेलं मूल: तपासणी, भरती आणि औषध, तिन्ही एकाच वेळी, निकालाची वाट न पाहता. म्हणजे ज्यांना औषध द्यायचं त्यांच्यासाठी सरकारी सूचनेनुसारही रिपोर्ट ही पूर्वअट नाही. तरीही ‘आधी रिपोर्ट येऊ द्या’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं, कारण रिपोर्ट हातात असला की निर्णयाची जबाबदारी कागदावर टाकता येते.

सुनेच्या डेंगीचं उत्तर चाचणीपेक्षा डॉक्टरांच्या हातात जास्त आहे. नाक गळतंय, खोकला आहे, घरातला मोठा माणूस दोन दिवसांपूर्वी याच लक्षणांनी आडवा झाला होता, पाळणाघरातली तीन मुलं तापानं घरी आहेत, असं असेल तर फ्लूकडे पारडं झुकतं. नुसता ताप, अंगावर पुरळ, नाक कोरडं असेल तर डेंगीकडे. हा अंदाज चुकू शकतो. म्हणूनच औषध दिलं तरी आणि न दिलं तरी मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं गेलं पाहिजे. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन मुळीच नाही: विषाणूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन दिल्यानं यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो. डेंगीचा संशय असेतो आयब्युप्रोफेनही नको, कारण त्यानं रक्तस्रावाची भीती वाढते.

सासरे : बरं, ‘लगेच’ म्हणजे मेडिकलमधून नाही, डॉक्टरांकडून, हे मान्य. पण डॉक्टर काय देतात बघ. मी ज्या कारखान्यात उभा जन्म काढला तो १९५४ चा, सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध-कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं इथं पेनिसिलिन बनायला लागलं. या गावानं अँटिबायोटिक डोळ्यांनी बनताना पाहिलंय, म्हणून या गावाचा त्याच्यावर फार विश्वास. ताप आला की पालकच म्हणतात, डॉक्टर, अँटिबायोटिक द्या. पेनिसिलिन जिवाणूची भिंत मोडतं. विषाणूला भिंतच नसते, मोडणार काय? तीन दिवस अँटिबायोटिक, उतार नाही म्हणून दुसरं, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी टॅमिफ्लूचं नाव काढतं. तोवर तुझे ४८ तास दोनदा होऊन गेले.

सून : यावर वाद नाही. फक्त पाचव्या दिवशी ते नाव काढलं गेलं आणि पोर खेळायला लागलेलं असलं, तर मी देणार नाही. तेव्हा आपण गावभर बाटली शोधत हिंडायची गरज नाही.

दोघं इथं एकत्र आली, आणि ज्या जागी आली ती जागा महत्त्वाची आहे. उशीर झालेला असेल आणि मूल सावरत असेल तर औषधासाठी धावाधाव करण्यात अर्थ नाही. मात्र मूल बिघडत असेल तर ४८ तासांची रेघ आपोआप पुसली जाते. कॅलिफोर्नियात २००९ ते २०१२ या काळात फ्लूनं अतिदक्षता विभागात गेलेल्या ७८४ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषध मिळालेल्या ६५३ मुलांत ६ टक्के दगावली, न मिळालेल्या १३१ मध्ये ८ टक्के. आजाराची तीव्रता हिशेबात धरल्यावर हा फरक आणखी ठळक झाला, आणि जितकं लवकर तितका बचाव जास्त. ही नोंदींवरची पाहणी आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. अशा मुलांना मुद्दाम औषधाविना ठेवण्याची चाचणी कुणी करणारही नाही. शंकेला जागा राहते. पण दवाखान्यातल्या सौम्य मुलांवरचे आकडे घेऊन व्हेंटिलेटरवरच्या मुलाविषयी बोलणं, किंवा उलट, ही या विषयातली नेहमीची गल्लत आहे, आणि २००९ नंतरचं निम्मं भांडण तिच्यातूनच निघालं आहे. आजाराचा जोर विसरायलाही नको: २०१७ साली एकट्या महाराष्ट्रात स्वाइन फ्लूच्या नोंदलेल्या मृत्यूंची संख्या ७७८ होती. तेव्हा साथ जुनी झाली होती, औषध सर्वत्र होतं.

म्हणून घरच्यांनी ओळखायचं ते बिघडणं. तापाचा आकडा इथं फारसा कामाचा नाही. १०३ ताप असून पॅरासिटामॉलनंतर उठून खेळणारं मूल बरं, आणि १०० ताप असून मान टाकून पडलेलं मूल वाईट. श्वास मोजावेत, मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पूर्ण एक मिनिट: एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त, त्याहून लहान, पण दोन महिन्यांवरच्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप. बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, पोट उडतं, ओठ निळसर दिसतात, दूध-पाणी पूर्ण थांबतं, सहा-आठ तास लघवी नाही, झटका येतो, मूल उठवून उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी औषध द्यावं की नाही हा प्रश्न घरचा राहत नाही. मग संत तुकारामनगरचं वायसीएम रुग्णालय असो की जवळचं कुठलंही मुलांचं रुग्णालय, तिथं पोहोचणं हाच उपचाराचा पहिला डोस. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला तरी तसंच. तो न्यूमोनिया असू शकतो, आणि तिथं सासऱ्यांच्या अँटिबायोटिकची खरी पाळी येते.

सासरे : डोक्यावर परिणाम होतो म्हणतात या औषधानं. जपानात पोरांनी गच्चीवरून उड्या मारल्या म्हणे.

सून : ते मी शोधलं. जपाननं २००७ मध्ये दहा ते एकोणीस वयाच्या मुलांना देणं थांबवलं होतं. पुढं असं दिसलं की फ्लूच्या तापात, औषध न घेतलेली मुलंही असं वागतात. २०१८ मध्ये बंदी उठवली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मुलांच्या नोंदींतून उलटंच निघालं: औषध घेतलेल्यांत असे गंभीर प्रकार निम्म्यानं कमी. ती मुलं पाच वर्षांच्या वरची, हे खरं. पण या भीतीपोटी औषध नाकारायला मला आता कारण दिसत नाही. माझी तक्रार उलटीपुरती आहे. पोटात थोडं काही घालून मग दिलं की तीही कमी होते.

राहता राहिलं प्रत्यक्ष मिळवणं. २००९ च्या सप्टेंबरात सरकारनं किरकोळ विक्रीला परवानगी दिली ती परिशिष्ट ‘एक्स’खाली, म्हणजे झोपेच्या कडक औषधांच्या रांगेत: वेगळा परवाना, दुहेरी चिठ्ठी, एक प्रत दुकानात दोन वर्षं जपून. असा परवाना मोजक्याच दुकानांकडे, त्यामुळं रात्री साडेनऊला हे औषध कोण ठेवतं हा प्रश्न वर्षानुवर्षं राहिला. २०१७ मध्ये ते ‘एच-१’ परिशिष्टात आलं. आता साधा परवाना असलेलं दुकान ते ठेवू शकतं. चिठ्ठी लागतेच, आणि वेगळ्या वहीत नोंद होते. ही सैल केलेली गाठ योग्यच होती असं मला वाटतं. औषधाला विषाणू सरावेल ही भीती तेव्हाही बोलली गेली. ती खोटी नाही, पण आठ दिवस उशिरा पोहोचलेलं औषध विषाणूला सरावूही देत नाही आणि मुलालाही वाचवत नाही.

पातळ औषधात मात्र एक खाच आहे. इथल्या बाटल्यांत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम असतं. अमेरिकेत २०११ पासून ते ६ केलं आहे. वर्षाच्या वरच्या, १५ किलोपर्यंतच्या मुलाचा नेहमीचा डोस ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. इथल्या बाटलीतून तो अडीच मिलिलिटर होतो, तिथल्या बाटलीतून पाच. परदेशातल्या नातलगानं फोनवर ‘एक चमचा दे’ म्हटलं आणि इथं एक चमचा दिला गेला, की डोस दुप्पट. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्यावेत, बाटलीवरच्या आकड्याशी जुळवावेत, आणि घरचा चमचा न वापरता मापाची सिरिंज वापरावी. वर्षाखालच्या बाळाचा हिशेब वजनावर वेगळा होतो, तो डॉक्टरांनीच करायचा. पातळ औषध संपलेलं असेल तर ३० मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून पावडर साखरेच्या पाकात किंवा गुळाच्या घट्ट पाण्यात मिसळून देता येते. डॉक्टरांना एवढं विचारलं की अर्धी शोधाशोध तिथंच थांबते. पावडर कडू असते, गोडाचा हात आखडू नये.

सासरे : मसाल्यातलं चक्रीफूल आहे ना, त्याच्यातल्या आम्लापासून हे औषध बनायचं. म्हणून २००९ मध्ये लोक काढ्यात फुलं टाकत होते. आम्हा कारखान्यातल्या लोकांना हसू यायचं. कापसाच्या बोंडातून सदरा निघतो म्हणून कुणी बोंड अंगात घालत नाही.

सून : आणि उरलेली बाटली फ्रीजमध्ये पुढच्या तापासाठी ठेवायची, असं तुम्ही म्हणणार होतात.

सासरे : म्हणणार होतो.

सून : पावडरीत पाणी घातलं की ते काही दिवसांत वाया जातं. शिवाय पुढचा ताप फ्लूचा नसण्याचीच शक्यता जास्त. चारांत तीन.

दोघांच्या वादात एक विषय मुद्दामच शेवटी ठेवला आहे, कारण तो आला की औषधाचं महत्त्व आणखी कमी होतं. फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना ती पाच वर्षांपर्यंत दर वर्षी सुचवते. सरकारी लसीकरणात मात्र ती नाही, त्यामुळं खर्च घरचा. दर वर्षी विषाणू बदलतो म्हणून लस पूर्ण अडवत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण तुर्कूच्या चाचणीतला सर्वांत मोठा फायदा लस न घेतलेल्या मुलांना झाला होता. लस घेतलेल्या मुलाच्या बाबतीत आपण ज्या औषधासाठी घड्याळ बघतो त्याला मिळवण्यासारखं कमी उरतं. पुणे-पिंपरी भागात फ्लूचे दोन चढ येतात, एक थंडीच्या शेवटी आणि मोठा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. पहिल्यांदा लस घेणाऱ्या लहान मुलाला चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात आणि दुसऱ्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे. हे संरक्षण जूनच्या आधी तयार व्हायचं असेल तर पहिला डोस एप्रिलमध्ये घ्यावा लागतो. आणि एप्रिलमध्ये पिंपरीत ताप-खोकल्याची आठवण कुणालाच नसते.